कांबळ्याखालचा कंदील

भाद्रपदाची पौर्णिमा उलटली, की मला संध्याकाळी दिवा लावायची भीती वाटते. हसायचं तर हसा. माझी सून हसतेच. परवा तिन्हीसांजेला मी बटणाकडे हात नेऊन नुसतीच उभी राहिले, तेव्हा म्हणाली, "आई, दिव्याचं बटण आहे ते, बॉम्बचं नाही." मी म्हटलं, "तुला काय कळणार गं, तुझा जन्मच ट्यूबलाइटखाली झालेला." मग लावला दिवा. पण आधी खिडकीचा पडदा ओढून घेतला आणि मगच देवापुढं गेले.

एरवी वर्षभर मला असलं काही होत नाही. चांगली धडधाकट बाई आहे मी, सत्तरी ओलांडली तरी बाजारातून पिशव्या स्वतः उचलून आणते. हा एक पंधरवडा तेवढा वैऱ्याचा. पाऊस हात आखडता घेतो, दुपारी घामानं जीव नकोसा होतो, उन्हं कलली की पश्चिमेला काळे ढग चढायला लागतात. मग खारा वारा सुटतो आणि कारखान्यांचा तो उग्र वास ओलांडून आमच्या बोईसरच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो. घरात पक्षाचे वडे तळलेले असतात, गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलेलं असतं. सगळं कसं नेहमीचं, घरगुती. आणि मी मात्र पडदे ओढत फिरते.

बोईसरला आता काळोख म्हणून राहिलेलाच नाही. कारखान्यांचे दिवे रात्रभर जळतात, चौकात उंच खांबावर पांढरे झोत, खाली रिक्षांचे दिवे, समोरच्या इमारतीत टीव्हीचा निळा उजेड. एवढ्या उजेडात माझ्या एका दिव्यानं काय होणार, हे मला कळतं. मनाला कळतं, हाताला कळत नाही.

पासष्ट साली मी नववीत होते, चिंचणीला. आमची चिकूची वाडी होती, घर वाडीतच. शाळेत त्या वर्षी मुलींचं 'कन्या पथक' जोरात होतं. ठाणे जिल्ह्याच्या या उत्तरेकडच्या टोकाला मुलींनी कवायत करायची म्हणजे मोठंच नवल. निळा झगा, कमरेला पांढरा पट्टा, गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिट्टी. आम्ही रांगेनं निघालो की पानवाल्या शेट्टीपासून देवळातल्या गुरवापर्यंत सगळे काम टाकून बघत राहायचे. माझे वडील, अण्णा, म्हणायचे, "पोरी आहेत का फौज?" म्हणायचे आणि माझे कॅनव्हासचे बूट स्वतः खडूनं पांढरे करून द्यायचे.

पथकाच्या मालतीबाई पालघरहून बदलून आलेल्या. शिवण आणि कवायत असे दोन्ही विषय त्यांच्याकडे. सुती साडी घट्ट खोचून, खाली बूट घालून मैदानात उभ्या राहिल्या की हुकूम असा सुटायचा, की शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा मान वर करायची. त्यांनी आम्हाला गाठी मारायला शिकवल्या, मोडलेल्या हाताला झोळी बांधायला शिकवलं, मासवणला सूर्या नदीच्या काठी शिबिराला नेलं. तिथल्या पाड्यांवर आम्ही विहिरीभोवतीचा चिखल काढला, लहान पोरांची डोकी धुतली, रात्री शेकोटीभोवती बेसूर गाणी म्हटली. रोज निदान एक चांगलं काम करायचं, असा पथकाचा नियम होता. माझी मैत्रीण जमना शेजारणीची हरवलेली कोंबडी आठवड्यातून दोनदा तरी शोधून आणायची. ती कोंबडी नेमकी जमनालाच कशी सापडते, हे बाईंनी कधी विचारलं नाही.

जमना मांगेलआळीतली. मांगेलआळी म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेली मच्छीमारांची वस्ती. तिचा बाप शिडाच्या होडीवर तांडेल होता, म्हणजे होडी त्याच्या शब्दावर चालायची. आई, काशीमावशी, टोपली घेऊन आमच्याकडे यायची आणि अण्णांशी भाव करताना अशी भांडायची, की आमची आई आतून म्हणायची, "अहो, घ्या तेवढ्यात, नाहीतर मासा तोंडावर फेकेल." आळीतून शाळेत नववीपर्यंत पोचलेली जमना एकटीच. पथकात तिला बापानंच घातलं होतं. तो सांगायचा, "माजी पोर शिटी वाजवती, मास्तरीन बी गप ऱ्हाते."

गणपती गेले आणि लढाई लागली.

आता लढाई लागली म्हणजे आमच्यापुरतं काय झालं, तर पोलीसपाटलांनी दवंडी पिटवली, की सूर्य बुडाल्यावर कोणाच्या घरातून उजेडाचा कवडसा बाहेर दिसता कामा नये. ब्लॅकआउट हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि दुसऱ्या दिवशी बायका विहिरीवर तो जन्मापासून येत असल्यासारखा वापरायला लागल्या. कंदिलाच्या काचांना काजळी फासली. खिडक्यांना पोती लागली. अण्णांनी चिकूच्या झाडांखाली खंदक खणला. तो पहिल्याच सरीत भरला आणि त्यात बेडूक राहायला आले. आई म्हणाली, "विमान आलं तर मी इथंच मरेन, पण त्यात उतरणार नाही."

हे सगळं आज सांगताना गंमतीचं वाटतं. तेव्हा मात्र पाचावर धारण बसली होती. तारापूरच्या पलीकडं अणूच्या वीजघराचं बांधकाम सुरू झालेलं. अणू म्हणजे काय ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं, पण शत्रूला ठाऊक असणार, याची प्रत्येकाला खात्री होती. कोणी म्हणायचं, तिथं बॉम्ब पडला तर डहाणूपासून सातपाटीपर्यंत झाड उरणार नाही. कोणी म्हणायचं, गुजरातच्या किनाऱ्यावर तोफा डागल्या, आता खाली सरकतायत. बांधकामावरचे परमुलुखातले मजूर संध्याकाळी "बत्ती बुझाओ, बत्ती बुझाओ" ओरडत रस्त्यानं धावत जायचे आणि त्या ओरडण्यानंच निम्म्या गावाची बोबडी वळायची. समुद्र तोच, रोजचा. पण संध्याकाळी त्याच्याकडं पाठ करून बसलं तरी मानेवर कोणीतरी बघतंय असं वाटायचं. त्यात पितृपक्ष. कृष्णपक्षातला चंद्र उशिरा उगवायचा, तोवर नुसता काळामिट्ट काळोख. मेलेल्यांना जेवायला बोलवायचे दिवस आणि दारात पणती लावायची बंदी. आमची आई कावळ्याला पान ठेवताना पुटपुटायची, "यंदा दिवसाउजेडीच येऊन जा रे बाबांनो."

आम्हा पथकातल्या मुलींना काम मिळालं. सूर्य बुडाला की दोघी-दोघींनी आळ्यांमधून फिरायचं, कुठं फट दिसली तर सांगायचं आणि काळोख पुरता व्हायच्या आत घरी परत. त्याआधी बाईंनी घरोघर जाऊन शिट्ट्यांचे अर्थ शिकवले. एक लांब शिट्टी म्हणजे दिवे मालवा. शिट्ट्या लागोपाठ वाजतच राहिल्या म्हणजे धोका आहे, आडोसा धरा, हलू नका. मांगेलआळीत वाळूवर सगळ्यांना बसवून हा वर्ग झाला. जमनाच पुढं उभी राहून वाजवून दाखवत होती आणि बाप पहिल्या रांगेत मांडी घालून, कान देऊन ऐकत होता. मधेच त्यानं हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा.

"बाई, आन् आमी पान्यात असलो तं? तिथं कुठला आडोसा?"

सगळी आळी हसली. बाई हसल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "पाण्यात असलात तर किनाऱ्याकडे येऊ नका. लांब निघून जा. शिट्ट्या थांबल्या की मग या."

"बराबर," तो म्हणाला आणि त्यानं आपल्या माणसांकडून ते दोनदा म्हणून घेतलं. शिटी झाली तं लांब जायचं. शिटी झाली तं लांब जायचं. बाईंना केवढा आनंद झाला. इतका लक्ष देणारा विद्यार्थी आपल्याला वर्गात एक मिळाला नाही, असं त्या परतीच्या वाटेवर म्हणाल्या.

भीतीचं एक मला अजून कळलेलं नाही. ती ज्याची असते त्याला सोडून देते आणि कुठल्यातरी भलत्याच जागी जाऊन बसते. दोन वर्षांपूर्वी सातबाऱ्याच्या कामासाठी मी कोळगावला पालघर जिल्ह्याच्या नव्या कचेरीत गेले होते. चकाचक इमारत, लिफ्ट, थंडगार फरशी. तेवढ्यात आगीच्या भोंग्याची चाचणी सुरू झाली. लोक हसत-खिदळत बाहेर निघाले, कोणी मोबाइलवर फोटो काढतंय. मी जिन्याखाली उकिडवी बसले होते, दोन्ही हातांनी डोकं झाकून. एका शिपायानं मला उठवलं. "आजी, खोटी खोटी आग आहे," म्हणाला. मी म्हटलं, "माहीत आहे रे." आणि खरंच माहीत होतं. पण पाय उचलेनात.

तर आता दोन दिव्यांचं सांगते. खाडीच्या तोंडाला पाण्याखाली खडक आहेत, मधे होडी जाईल एवढीच वाट. काळोखात येणाऱ्या होडीला ती वाट सापडावी म्हणून मांगेलआळीत दोन कंदील लावायची रीत होती. एक खाली, पाण्याजवळ रोवलेल्या मेढीवर. दुसरा वर, उंचवट्यावरच्या काशीमावशीच्या ओटीवर. समुद्रातून बघताना दोन्ही दिवे बरोबर एकाच्या डोक्यावर एक दिसले की होडी वाटेत आहे. जरा बाजूला सरकलेले दिसले की पुढं खडक. हे कंदील बायकांनीच लावायचे. ज्या घरची होडी पाण्यात, त्या घरच्या बाईनं खालचा कंदील लावायचा आणि होडी येईपर्यंत तिथून हलायचं नाही, पाऊस असो की वारा. कोणी शिकवायला लागत नसे. काशीमावशी म्हणायची, लग्नाच्या हळदीआधी आमच्या हाताला रॉकेल लागतं.

ब्लॅकआउट लागला आणि दोन्ही कंदील बंद झाले. त्यावर आळीनं तोड काढली, की होड्यांनी उजेड असेपर्यंतच परतायचं. मासा मिळो न मिळो. आठ-दहा दिवस ते जमलंही.

अष्टमी उलटून गेल्यावरची ती संध्याकाळ. जमना आणि मी जोडीनं फिरत होतो. आमची पाळी मांगेलआळीची. बाई आणि पथकातली शकू दुसऱ्या बाजूनं येऊन आम्हाला तिथंच भेटणार होत्या. आम्ही पोचलो तर सगळी आळी पाण्याकाठी गोळा झालेली. दुपारी बाकीच्या होड्या आल्या होत्या, जमनाच्या बापाची आली नव्हती. शेवटी आलेल्यांनी सांगितलं, की त्याचं शीड फाटलंय, बुडातून पाणी घेतंय, दोन माणसं सारखी पाणी उपसतायत, वल्ही मारत मागून येतोय. पश्चिमेला विजा चमकायला लागल्या होत्या. त्या दिवसांत भरती अर्धवट येते, भांगाची भरती म्हणतात तिला, आणि लवकर उतरते. भरती उतरली की वाटेतसुद्धा खडक वर येतात. म्हणजे आत यायचं तर आत्ताच यायला हवं होतं. आणि आत्ता तर पाण्यावर डोळ्यात बोट घातलं तरी काही दिसत नव्हतं.

जमनानं माझा दंड धरला. तिची नखं रुतली ती मला घरी गेल्यावर कळली.

"काशी, लाव कंदील," आळीतली एक म्हातारी म्हणाली. लगेच दुसरी तिच्यावर ओरडली, "आन् वरून बाम टाकला मंग? पोरं हायत गावात." काशीमावशी गप्प. हातात न पेटवलेला कंदील, काडेपेटी कमरेला. तोंडानं आग ओकणारी ती बाई अशी गप्प मी कधी पाहिली नव्हती. तिचं गप्प राहणंच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला. वल्ह्यांचा. वारा समुद्राकडून येत होता, त्यामुळे आम्हाला वल्ही ऐकू येत होती, पाणी उपसायच्या डब्याचा खळखळाट ऐकू येत होता, एकदा तर जमनाच्या बापाचा आवाजही आला. बायका जीव खाऊन हाका मारायला लागल्या. पण वाऱ्याविरुद्ध हाक जाते कुठं? ती आमच्याच तोंडावर परत येत होती. होडी खाडीच्या तोंडासमोर घुटमळत होती, डावीकडं जायची, उजवीकडं जायची. दिव्यांची वाट बघत असणार.

बाई धावत आल्या, मागं शकू. शकूच्या खांद्यावर पथकाचं करडं कांबळं, जखमींना उचलून न्यायच्या सरावासाठी नेलेलं. काय झालंय ते कळायला बाईंना वेळ लागला नाही. "दिवा नाही तर नाही," त्या म्हणाल्या, "आवाज देऊ. जमना, तू खाली मेढीपाशी जा. तू वर ओटीवर. आलटून पालटून शिट्टी वाजवा. दोन्ही आवाज एका रेषेत आले की त्यांना वाट कळेल." शिबिरात वाट चुकलेल्या मुलीला आम्ही असंच बोलवायचो. आम्ही धावलो. मी वर, जमना खाली. तिनं वाजवली, मी वाजवली. तिनं वाजवली, मी वाजवली. शिट्टी वाऱ्याला चिरून जात होती, मला कळत होतं. पोचतेय, पोचतेय, असं मनात म्हणत मी फुंकत होते.

वल्ही थांबली. आम्हाला वाटलं, ऐकलं त्यांनी. आळीत कोणीतरी "आई माऊली" म्हणालं.

मग वल्ही पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा भराभर. आणि आवाज लहान होत चालला.

पहिल्यांदा जमनाला उमगलं. तिनं शिट्टी तोंडातून काढली आणि अशी किंचाळली, की मला वर ओटीवर ऐकू आलं. "बाई! बा मागं चालला! शिटी झाली तं लांब जायचं, तुमीच शिकवलं! मी वाजवून दाखवली त्याला!" मी उतारावरून धावत खाली आले तेव्हा बाई वाळूत मटकन बसल्या होत्या. त्यांचे दात वाजत होते. आमच्या मालतीबाईंचे, ज्यांच्या हुकुमाला म्हैस दचकायची. "मीच सांगितलं," एवढंच म्हणत होत्या, "मीच सांगितलं त्यांना." मोठी माणसं घाबरली की मुलांच्या पायाखालची जमीनच जाते. मला वाटलं, आता कोणालाच काही माहीत नाही, बाईंनाही नाही, सरकारलाही नाही.

काशीमावशीनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "बास झाल्या तुमच्या शिट्या," ती म्हणाली आणि काडी ओढली.

एका काडीचा उजेड केवढा असतो, हे इतक्या दिवसांच्या काळोखानंतरच कळतं. सगळ्यांचे चेहरे एकदम दिसले. कोणीतरी "अगो बाय" म्हणून मागं सरलं. एक बाई आपल्या पोराला उचलून घराकडं पळाली. मावशीनं खालचा कंदील मेढीवर टांगला, बाहीनं काचेवरची काजळी पुसून काढली आणि वरच्या कंदिलासाठी जावेला पिटाळलं. वरचा ओटीवर, झावळ्यांच्या छपराखाली होता, आभाळातून दिसणारा नव्हता. खालचा मात्र उघड्यावर. तो आभाळाला उघडउघड बोलावत होता.

बाई उठल्या. "कांबळं," म्हणाल्या. "कोपरे धरा." एवढं मात्र आम्हाला येत होतं. कांबळ्याचे कोपरे धरून जखमी माणूस उचलायचा सराव आम्ही इतक्यांदा केला होता, की झोपेतही आला असता. जमना, शकू, मी आणि चौथा कोपरा बाईंनी स्वतः धरला. कंदिलाच्या वर कांबळ्याचं छप्पर झालं. उजेड समुद्राकडं मोकळा, आभाळाकडं बंद. हात पूर्ण वर ताणून धरायचे, जरा सैल पडलं की कांबळं काचेला टेकून जळणार.

गावातून हवालदार धावत आला. "कोणी लावला? विझवा! बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीसुद्धा?" काशीमावशी कंदिलाच्या आणि त्याच्यामधे उभी राहिली. "माजं मानूस पान्यात हाय," म्हणाली. "त्याला आना, मंग विझवते." तो पुढं काही बोलणार, एवढ्यात वरून घरघर ऐकू आली.

आजवर मला कोणी सांगू शकलेलं नाही, ते कुणाचं विमान होतं. आपलंच असेल, मुंबईकडचं असेल. तेव्हा मात्र एकाच गोष्टीची खात्री होती. घरघर वाढत चालली. हवालदार वाळूत पालथा पडला. माणसं सैरावैरा धावली. शकू रडायला लागली, तिचा कोपरा खाली आला, कांबळं करपल्याचा वास सुटला. बाई ओरडल्या, "शकू, वर!" आणि तिनं रडत रडतच हात वर केला. मला उभ्या उभ्या लघवी झाली, बुटात गेली. सांगायला आता कसली लाज? मला पळून जायचं होतं. अण्णांच्या त्या बेडकांच्या खंदकात जाऊन आईच्या कुशीत शिरायचं होतं. आयुष्यात नंतर दोन बाळंतपणं झाली, नवऱ्याचं ऑपरेशन झालं, मुलगा तापानं फणफणला तेव्हा पालघरच्या दवाखान्यात रात्री काढल्या. पण इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही. विझवा, असं कोणीतरी म्हणावं अशी मी देवाला विनवत होते. आणि त्याच वेळी समोर जमनाचं तोंड दिसत होतं. ती वर बघतच नव्हती. आभाळ तिच्या लेखी नव्हतंच. डोळे फाडून ती पाण्याकडं बघत होती.

घरघर डोक्यावरून गेली. आतल्या बाजूला, डोंगराकडं कुठंतरी विरली. कोणी हललं नाही.

मग वल्ही. आधी आहेत की नाहीत अशी. मग नक्की. एकसारखी, घाई न करता, सरळ आमच्याकडं येणारी. खडकांमधे पाणी फुटल्याचा आवाज झाला तेव्हा काशीमावशीनं डोळे मिटून घेतले. मग होडीचं तोंड उजेडात आलं, वाळूत घासलं, माणसं पाण्यात उड्या टाकून तिला धरायला धावली. एक, दोन, तीन, आणि शेवटी जमनाचा बाप. गुडघ्याइतक्या पाण्यातून तो वर आला. थंडीनं काकडलेला, ओठ निळे पडलेले. आणि चक्क हसत होता. खालचा कंदील बघितला, वर वळून ओटीवरचा बघितला, मग बाईंकडं बघून त्यानं दोन्ही हात जोडले.

"संपली ना लढाई?" तो म्हणाला. "शिट्या झाल्या तवा म्या म्हनलं, आलं वैरी गावात. आता आपलं कोन वाचलं नसंल. म्हून लांब ग्येलो. मंग दिवं दिसलं. दोनी. खलाशांना म्हनलं, चला रं, लढाई संपली, बायांनी दिवं लावलं."

हवालदार वाळू झटकत उठला होता. बाईंनी मान खाली घातली. बाप एकेकाच्या तोंडाकडं बघत होता, अजून हसतच.

काशीमावशी पुढं झाली. पदरानं त्याचं डोकं पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं खसाखसा. "संपली," म्हणाली. "चल घरी." आणि हात वर करून तिनं कंदिलाची वात खाली केली.

वरचा जावेनं मालवला. पुन्हा तो काळोख. तो घराकडं चालला, आळी त्याच्या मागं चालली, काळोखात त्याचा आवाज ऐकू येत होता, आनंदानं कोणाला तरी सांगत होता, संपली म्हून. आम्ही चौघी तिथंच होतो. कंदील विझला होता, होडी आली होती, तरी हात ताणून कांबळं तसंच वर धरून उभ्या होतो. खाली घ्या, असा हुकूम द्यायच्या त्या बाई, आणि त्याही एक कोपरा धरून उभ्याच होत्या.